तक्रार पुण्यातच करता येते

पैसे देऊन घेतलेल्या वॉरंटीचा दावा नाकारला तर काय करायचं, या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की वॉरंटी विकणाऱ्या कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला, मग भांडायला तिथे कोण जाणार? हे पटलं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे पुणेकराला पुण्यातच. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रार करायची मुदत मात्र २ वर्षांची. आयोगाकडे जाण्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या.

आमच्या कोथरूडच्या घरातल्या टीव्हीचं पॅनल गेलं तेव्हा वॉरंटी कंपनीने 'फिजिकल डॅमेज' (आदळून-आपटून झालेलं नुकसान) म्हणत फोनवरच हात वर केले. काच तर शाबूत होती! तपासायला आलेल्या मुलाकडून जॉबशीटवर (तपासणीच्या नोंदीचा कागद) 'बाहेरून तडा नाही, आतला दोष' एवढं लिहून घेतलं आणि नकार कुठल्या अटीखाली, ते ईमेलवर कलमासकट मागितलं. कलम काही त्यांना दाखवता आलं नाही, पॅनल बदलून मिळालं. जॉबशीटचा फोटो तिथल्या तिथे काढा, बऱ्याचदा ती प्रत ते सोबत घेऊन जातात.