सीमा ओलांडली आणि नेट गेले : तुमचे अनुभव लिहा

सुरंगी (कुडाळ)
माझी भाची या आठवड्यात सासरच्या मंडळींबरोबर गोकर्णाला निघाली आहे, आणि "आत्या, तिकडे नेट चालतं ना?" एवढे विचारायला तिने मुद्दाम फोन केला. त्यावरून आमचा जुना प्रवास आठवला. संपूर्ण गोवा पार करून पोळेपर्यंत फोन सुरळीत चालला होता. माजाळीचा नाका ओलांडून कर्नाटकात शिरलो, तेव्हा पडद्यावर रोमिंगची खूण उमटली आणि नेट बंद झाले. गंमत अशी की नकाशावरचा आमच्या गाडीचा निळा ठिपका मात्र पुढे सरकतच होता, कारण तो उपग्रहांच्या संकेतांवर चालतो, त्याला नेट लागत नाही. ठिपक्याखालचा रस्ता, गावे आणि वळणे मात्र नाहीशी होऊन नुसते करडे चौकोन उरले होते. मुक्कामाच्या खोलीचा पत्ता ईमेलमध्ये होता आणि ईमेल उघडत नव्हती. शेवटी कारवारात चहाला थांबलो आणि टपरीवाल्याने कोकणीतून फाट्यापर्यंतचा रस्ता इतका नीट समजावला, की यजमानांनी पुढे फोन खिशातून बाहेरच काढला नाही. आपल्यापैकी कोणाला असे अनुभव आले असतील तर अवश्य लिहावेत.

खाडीकाठ
सुरंगीताई, कर्नाटक दूरच राहिले, माझे नेट महाराष्ट्र-गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीलाच जाते. बांदा सोडून थोडे पुढे गेलो की काही मिनिटे काहीच उघडत नाही. त्यामुळे राज्य बदलले की नेट जाणारच, असे मी धरून चालतो.

रिचार्जवाला (बांदा)
खाडीकाठ, पत्रादेवीला जे होते ते रोमिंग नव्हे. मोबाईलच्या परवान्यांसाठी देशाची जी वाटणी केलेली आहे, तिला सर्कल म्हणतात, आणि त्या वाटणीत महाराष्ट्र व गोवा मिळून एकच सर्कल आहे. त्यामुळे बांद्याचे कार्ड म्हापशात किंवा मडगावात परके ठरत नाही. तुमचे नेट जाते ते दोन टॉवरांच्या मधल्या खोलगट भागात. फोन मागचा टॉवर सोडतो आणि पुढचा त्याला लगेच सापडत नाही.

खरी हद्द पोळे आणि माजाळीच्या मध्ये आहे, कारण कर्नाटक हे वेगळे सर्कल आहे. तेथे काही फोन नव्या जाळ्याला रोमिंग समजतात, आणि सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असेल तर बोलणे चालू राहते, संदेश येतात, पण नेट मिळत नाही. हे बटण पुष्कळ फोनांत मुळातच बंद ठेवलेले असते. ते चालू करावे, मग विमानाची खूण असलेले बटण क्षणभर दाबून सोडावे. एवढ्याने जमले नाही तर नेटवर्कची निवड आपोआप न ठेवता आपल्या कंपनीचे नाव हाताने निवडावे. माझ्या दुकानात येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक येथेच मिटतात.

आता याहून मजेचा भाग. मुंबई हे महाराष्ट्रापासून वेगळे सर्कल आहे, आणि त्यात मुंबई, नवी मुंबई व कल्याण या टेलिफोन एक्स्चेंजांचा भाग येतो. गणपतीत गावी येणारे चाकरमानी "गावात नेट नाही" म्हणून दुकानात येऊन भांडतात, तेव्हा त्यांच्यापैकी काहींच्या फोनवर रोमिंगची खूण असते.

परळकर_चाकरमानी
म्हणजे पणजीच्या माणसाचा फोन माझ्या गावात घरचा, आणि माझा फोन माझ्याच गावात पाहुणा! हे आमच्या आईला सांगितले तर ती म्हणेल, वर्षातून एकदा येणाऱ्याला पाहुणाच म्हणतात.

दशावतारी
नेट मिळत नाही म्हणून आपण आज कुरकुरतो, पण रोमिंगमध्ये आलेला फोन उचलायलाही पैसे पडत होते, ते दिवस फार जुने नाहीत. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने मे २०१५ मध्ये त्याची कमाल मर्यादा मिनिटाला ७५ पैशांवरून ४५ पैशांवर आणली, तेव्हा आमच्या घरी त्यावर चर्चा झाली होती. वडील दशावताराच्या पार्टीबरोबर कारवारपर्यंत जात असत. "माजाळीच्या पुढे मला फोन करायचा नाही, मीच करीन," असा त्यांचा दंडक होता. आईने चुकून केलाच, तर ते तो न उचलता कापत, आणि फोन कापला म्हणजे माणूस सुखरूप आहे, असा आमच्या घरात अर्थ होता. पुढे कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगचे वेगळे पैसे घेणे सोडले, तरी वडिलांची ती सवय काही सुटली नाही.

तांबडी_माती (सावंतवाडी)
आमचा अनुभव बेळगावचा आहे. लग्नाची खरेदी करायची म्हणून आंबोली चढून चंदगडमार्गे गेलो. शिनोळीपर्यंत मोबाईल चालू होता, पुढे रोमिंग लागले. खडे बाजारात साड्या निवडण्यात दुपार गेली, सगळ्यांना एकदाच पसंत पडलेला शालू बाजूला ठेवून घेतला (हे किती दुर्मीळ आहे ते लग्नघरातल्यांना ठाऊक), आणि पैसे द्यायच्या वेळी पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले. रोख रक्कम आम्ही दोघींनी मिळून मोजली, ती शालूच्या निम्म्यापर्यंतही पोचली नाही. गल्ल्यावरच्या काकांनी शांतपणे आपल्या मुलाला बोलावले आणि त्याच्या फोनचा हॉटस्पॉट आम्हाला जोडून दिला. पासवर्ड म्हणून त्याने एका क्रिकेटपटूचे नाव सांगितले, तेव्हा काकांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला अजून दिसते. शालू घेतला. आता परराज्यात जाताना मी आणि जाऊबाई वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे बाळगतो, म्हणजे एकीचे गेले तरी दुसरीचे चालण्याची शक्यता राहते.

कोळंबी
तांबडी_माती, दुकानाचे नाव व्यक्तिगत संदेशातून कळवाल का? आमच्याकडेही तुळशीच्या लग्नानंतर कार्य आहे.

तांबडी_माती (सावंतवाडी)
कळवते. पण फोनचे डेटा रोमिंग चालू करूनच जा.

रत्नागिरीचा_प्रवासी
कोकण रेल्वेने उडुपीला जाताना नेट कधी बोगद्यामुळे जाते आणि कधी सर्कलमुळे, हे ओळखणे कठीण होते. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, त्यामुळे रत्नागिरीकरांना त्या शांततेची सवय असते. बोगदा संपला की रेंजच्या काड्या परत येतात आणि पाठोपाठ नेटही येते. कारवारनंतर मात्र काड्या भरलेल्या दिसतात आणि तरीही काही उघडत नाही. मागच्या खेपेला नेमके तेव्हाच तिकीट तपासनीस आले. तिकिटाचा रेल्वेकडून आलेला एसएमएस आणि आधार कार्ड दाखवले, त्यांनी यादीवर खूण केली आणि ते पुढे गेले. हा एसएमएस पुष्कळजण वाचून पुसून टाकतात, तो ठेवावा.

बंदरावरची (देवगड)
मी उलट बाजूने लिहिते, कारण आमच्याकडे परराज्यातलीच माणसे आली होती. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळाच्या वेळी केरळ आणि तमिळनाडूच्या कितीतरी नौका आमच्या बंदरात आश्रयाला आल्या. दिवसेंदिवस त्यांची घरच्यांशी गाठ पडली नव्हती. कोणाचा फोन भिजला होता, कोणाचा उतरला होता, आणि ज्यांचा चालू होता त्यांच्यापैकी अनेकांजवळ बोलण्याइतकी शिल्लक नव्हती. आमच्या आळीतल्या लोकांनी आपापले फोन दिले. आमच्या ओसरीवर एक पोक्त तांडेल (नौकेचे प्रमुख) बसले होते. त्यांना मुलीचा नंबर तोंडपाठ होता, बायकोचा नव्हता. मुलीचा आवाज ऐकल्यावर ते मल्याळममध्ये जे काही बोलले त्यातले "देवगड" एवढेच मला कळले, आणि पलीकडून तिने ते नाव बहुधा लिहून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा विचारले. नकाशा पाठवता आला असता तर एका क्षणाचे काम होते. त्या दिवसापासून घरातल्या सर्वांचे नंबर मी कागदावर लिहून पाकिटात ठेवते, आणि मुलांनाही दोन तरी पाठ करायला लावले आहेत.

खाडीकाठ
रिचार्जवाले दादा, एक शंका आहे. नेट नसताना पैसे पाठवण्याची ती तारांकित नव्व्याण्णवची सोय अजून आहे का?

रिचार्जवाला (बांदा)
आहे. तारा, ९९ आणि हॅश दाबून फोन लावला की यादी येते. नेट लागत नाही, पण बँकेत नोंदवलेला नंबर त्याच फोनमध्ये असावा लागतो आणि यूपीआयचा पिन आधी ठरवलेला असावा लागतो. एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात, म्हणजे शालूला पुरणार नाही. शिवाय काही कार्डांवर ती यादी उघडतच नाही, म्हणून निघण्यापूर्वी घरच्याच कोणाला दहा रुपये पाठवून पाहावे.