बर्लिन मॅरेथॉन : सोडतीत दोनदा नाव आलं नाही, आता काय करू?

यवतेश्वरचा_पळ्या (सातारा)
नमस्कार मंडळी. वय 44, शाळेत गणित शिकवतो. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन 4 तास 21 मिनिटांत झाली आहे, आमची सातारा हिल हाफ (डोंगरातली अर्धी मॅरेथॉन) दरवर्षी असतेच. बर्लिनच्या सोडतीत सलग दोन वर्षं नाव आलं नाही. दुसरा काही मार्ग आहे का? एक मित्र म्हणतो, बायकोच्या नावानेही अर्ज टाक, तिला लागला तर तू पळ. (ती पळत नाही. तिला अजून विचारलेलं नाही.) आणि व्हिसाच्या मागे कधी लागायचं?

डोंबिवलीची_मावशी
सर, बायकोच्या नावाचं आधी डोक्यातून काढा. शर्यतीचा छातीवरचा नंबर दुसऱ्याला देता येत नाही. तो घ्यायला टेम्पलहॉफच्या जुन्या विमानतळावर स्वतः जावं लागतं, ओळख पटवावी लागते, आणि तिथेच मनगटावर कापडी पट्टा बांधतात. शर्यत संपेपर्यंत तो काढायचा नाही. माझा तर अंघोळीनंतर तासभर ओलाच असायचा.

सप्टेंबरच्या शेवटाकडे, बहुतेक शेवटच्या रविवारी, शर्यत होते, आणि लगेच पुढच्या वर्षीचे अर्ज सुरू होतात. अर्जाला पैसे नाहीत, पण नाव लागलं की कार्डावरून शुल्क आपोआप कापलं जातं. तेव्हा परदेशी व्यवहार चालू आहेत ना, ते बघून ठेवा. दोघातिघांचा गट करूनही अर्ज टाकता येतो. लागले तर सगळे, नाहीतर कुणीच नाही. आम्ही डोंबिवलीच्या तिघी पहिल्या वर्षी एकत्र आपटलो, दुसऱ्या वर्षी एकत्र लागलो. गटाने नशीब उजळतं असं मी म्हणणार नाही (गणित तुमचं!), पण एकीला लागलं म्हणून दोघी रुसल्या, असं तरी होत नाही.

वेळेच्या निकषावर थेट प्रवेश आहे, पण तुमच्या वयाला त्यासाठी तीन तासांच्या बरंच आत यावं लागतं. ते आपलं काम नव्हे. उरले दोन मार्ग : एखाद्या संस्थेसाठी देणगी गोळा करून मिळणारी जागा, किंवा अधिकृत टूरवाल्यांचं हॉटेलसकट पॅकेज. दोन्हीकडे खिसा चांगलाच हलका होतो.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे मार्च संपताना लागा. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. माझ्या एजंटाने "घाई काय आहे" म्हणत जून घालवला, मग अपॉइंटमेंट मिळेना. पासपोर्ट हातात आला तो विमानाच्या चार दिवस आधी. त्या आठवड्यात मी जेवढी धावपळ केली तेवढी शर्यतीतही केली नाही.

आणि हो, ब्रांडेनबुर्ग दरवाजा दिसला की संपलं असं समजून जोर लावू नका. शेवटची रेषा त्याच्या पुढे तीन-चारशे मीटरवर आहे. मी दरवाज्याखालीच रडून घेतलं आणि मग कसंबसं उरलेलं पळाले.

स्प्रीकाठचा (बर्लिन)
मावशी, तो दरवाजा रडण्याजोगाच आहे. 1974 साली ही शर्यत ग्रुनेवाल्डच्या जंगलालगत सुरू झाली तेव्हा 286 जण होते. 30 सप्टेंबर 1990 ला, दोन्ही जर्मनींच्या एकीकरणाच्या तीन दिवस आधी, धावपटू पहिल्यांदा त्या दरवाज्यातून पूर्व बर्लिनमध्ये गेले. सर, रस्ता मात्र ताटासारखा सपाट आहे. यवतेश्वरच्या घाटात पळणाऱ्या माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होईल.

नाशिकचा_मुसाफिर
म्हणून म्हणतो, अथेन्सला जा. नोव्हेंबरात असते. मी गेलो तेव्हा सोडतबिडत नव्हती, पहिला येईल त्याला जागा; पण जागा संपतात. पहाटे अथेन्सहून बसने मॅरेथॉन गावात नेऊन सोडतात आणि तिथून पळत परत यायचं. पाच किलोमीटरच्या आसपास मॅरेथॉनच्या प्राचीन युद्धात पडलेल्यांच्या समाधीच्या टेकाडाला वळसा. दहापासून जवळजवळ एकतिसाव्यापर्यंत चढ! लोक रस्त्यात ऑलिव्हच्या डहाळ्या हातात देतात. शेवट संगमरवरी स्टेडियममध्ये, 1896 साली पहिल्या आधुनिक ऑलिंपिकची मॅरेथॉन ग्रीसचा स्पिरिडॉन लुईस जिंकला त्याच ठिकाणी. व्हिसा तोच शेंगेन.

यवतेश्वरचा_पळ्या
एकवीस किलोमीटर चढ? हे आधी का नाही सांगितलंत! आता अथेन्सच. मावशी, बायकोला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. "माझ्या परस्पर माझं नाव घालणार होतात का?" म्हणाली आणि संध्याकाळभर बोलली नाही. आज सकाळी मात्र बूट घालून घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत आली. बूट माझ्या लेकाचे होते, दोन नंबर मोठे. आधी बूट घ्यायला जातोय.