मदत हवी आहे: इन्स्ट्रक्शनल डिझाइनच्या पोर्टफोलिओत एका पानाचं कार्ड चालेल का?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. एमएस्सी, बीएड. कायम नेमणुकीची वाट बघत बसायचं नाही असं ठरवून इन्स्ट्रक्शनल डिझाइनकडे वळते आहे. शिकणाऱ्याचं घोडं नेमकं कुठे अडतं ते शोधायचं आणि त्यावरून धडा बांधायचा, हे काम मला मनापासून आवडतं.

क्लासची चौकशी केली, तर सगळीकडे स्टोरीलाइन नाहीतर कॅप्टिव्हेट (ई-लर्निंग कोर्स बनवायची सॉफ्टवेअर) शिकवतात. खराडी-हिंजवडीच्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत असं टूल असतंच, पण स्टोरीबोर्ड (कोर्सचा पडद्यागणिक कच्चा आराखडा), तज्ज्ञांकडून माहिती काढून घेणं, लर्निंग ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे शिकण्याची उद्दिष्टं, लिहिणं हेही मागतात. ते कुठलाच क्लास नीट शिकवत नाही, म्हणून स्वतःच वाचते आहे. शैक्षणिक उद्दिष्टांची ब्लूमची १९५६ची वर्गवारी बीएडला होतीच. २००१ची सुधारित आवृत्ती आता नीट वाचली. अमेरिकी लष्करासाठी फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत १९७५ साली आकाराला आलेलं ॲडी मॉडेलही (कोर्स टप्प्याटप्प्याने बांधायची पद्धत) समजून घेतलं. त्यातली पहिली पायरी, ॲनालिसिस (नेमकी गरज काय ते शोधणं), प्रत्यक्ष करून बघावी म्हणून एक नमुना प्रकल्प घेतला, आणि प्रश्न तिथेच उभा राहिलाय.

माझा मामेभाऊ भोसरीत एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. नवे अप्रेंटिस व्हर्नियरचं (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या जबड्यांच्या मोजपट्टीचं) माप चुकवतात, ही त्याची तक्रार. मला वाटलं होतं, लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप) समजला नसेल. कॉलेजातल्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.१ मिमी, त्याच्याकडच्या ५० भागांच्या व्हर्नियरचा ०.०२ मिमी, तेव्हा गोंधळ होऊ शकतो. पण मुलांशी बोलले तर सूत्र सगळ्यांना येत होतं. जबडे मिटवून शून्य त्रुटी आहे का, म्हणजे माप शून्याऐवजी भलतंच दिसतं का, हे कुणी बघतच नव्हतं. ती धन असेल तर वजा करायची हे विचारल्यावर बरोबर सांगतात, हातात जॉब (मोजायचा सुटा भाग) आला की विसरतात. काही जण तिरक्या नजरेने रेघ वाचतात.

उद्दिष्टं कशी लिहावीत यावर पुस्तक लिहिणारे रॉबर्ट मेगर म्हणतात तसं कृती, परिस्थिती आणि निकष धरून उद्दिष्ट लिहिलं: ‘५० भागांचा व्हर्नियर आणि दहा जॉब दिल्यावर अप्रेंटिस आधी शून्य त्रुटी तपासेल आणि किमान नऊ जॉबचं माप सुपरवायझरच्या मापाशी ०.०२ मिमीच्या आत जुळेल.’

आता माझं प्रामाणिक मत असं, की यातल्या बऱ्याचशा भागाला कोर्स लागतच नाही. टेबलाशी लावलेलं मराठी कार्ड पुरेल: जबडे पूस, मिटव, शून्य बघ, मग माप. पण मुलाखतीत एक पान पुढे केलं तर ‘हिला टूल येत नाही’ असं समजतील का? की गरज नसताना अर्ध्या तासाचा चकचकीत मॉड्यूल करू? मन होत नाही. या क्षेत्रातल्या लोकांनी, विशेषतः जे भरती करतात त्यांनी, कृपया स्पष्ट सांगावं.

प्रतिसाद १
ताई, कार्ड नक्की ठेवा, पण नुसतं नको. मुलं काय म्हणाली, त्यावरून तुम्ही कोर्स का टाळला, हे अर्ध्या पानात लिहा. मी उमेदवारांच्या मुलाखती घेते. ‘इथे ट्रेनिंग नको’ हे कारणासकट सांगणारा उमेदवार क्वचित भेटतो. कार्ड लावण्याआधी आणि नंतर तेच दहा जॉब मोजून घ्या. ट्रेनिंगचा परिणाम मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्यांपैकी बहुतेक लोक पहिलीवरच, म्हणजे ‘कोर्स आवडला का’ वर थांबतात. तुमच्याकडे तिसरी, प्रत्यक्ष कामातला बदल, दाखवायची संधी आहे. वर्कशॉपचं नाव आणि ड्रॉइंग मात्र परवानगीशिवाय टाकू नका.

प्रतिसाद २
थोडा असहमत. पहिल्या चाळणीत दुवा उघडून बघतात, तिथे चालणारं काहीतरी हवंच. रेघ वाचणं सरावाने येतं, कार्डाने नाही. तेवढ्याच भागाचा पाच-सात मिनिटांचा सराव बनवा: पडद्यावर व्हर्नियर, आकडा भरा, चुकला तर नेमकं कुठे चुकला ते कळावं. स्टोरीलाइनची ३० दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते, पण स्टोरीबोर्ड पूर्ण झाल्यावरच सुरू करा. एचफाइव्हपी (असे सराव बनवायचं साधन) आणि मूडल (कोर्स चालवायची प्रणाली) फुकट आहेत. स्टोरीलाइनमधून स्कॉर्म १.२ (कोर्स अशा प्रणालीत चालावा म्हणूनचं ठराविक स्वरूप) मध्ये एक्स्पोर्ट करून मूडलवर गुण नोंदले जातात का तेही बघा, हा प्रश्न मुलाखतीत येतो.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. तिरक्या नजरेचा दोष पडद्यावर दाखवता येणार नाही, म्हणून तो कार्डावर चित्रासह ठेवते आणि वाचनाचा सराव वेगळा करते. मोजणीसाठी भावाच्या सुपरवायझरची परवानगी मागितली आहे. एकच विचारायचं राहिलं: कार्ड मराठीत आहे. मुलाखतीसाठी इंग्रजी आवृत्ती सोबत जोडू, की मूळ मराठीच ठेवून खाली इंग्रजीत टिपण देऊ?