आळस नाही हो, लोन आहे
वर कोणीतरी लिहिलंय की अमेरिकेतली पोरं हल्ली तिशीपर्यंत आईबापाकडेच पडून असतात, आळशी झालीत. आळस कसला, कॉलेजचं लोन असतं ना डोक्यावर! आणि आपल्याकडचा तिशीचा मुलगा घरी राहिला की तो मात्र संस्कारी :) तिकडे दिवाळखोरी जाहीर केली तर क्रेडिट कार्डाचं कर्ज सुटू शकतं पण स्टुडंट लोन सहसा नाही सुटत, २००५ च्या कायद्याने तर बहुतेक प्रायव्हेट लोन्सही त्यात अडकवली. बायडनने १०,००० डॉलरपर्यंत, काहींना २०,००० पर्यंत माफी द्यायचं ठरवलेलं, ते २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने उडवलं. त्यात २६ पूर्ण झाले की सहसा आईबापाच्या हेल्थ इन्शुरन्समधूनही नाव कटतं, मग हप्ता भरायचा, प्रीमियम भरायचा की घरभाडं?