रासायनिक समतोल: अभिक्रिया थांबत नाही, तर मग नेमकं सारखं काय होतं?

प्रश्न (धागा सुरू करणारे: विज्ञानवर्ग)

माध्यमिकच्या मुलांना व्युत्क्रमी (पुढे आणि उलट, दोन्ही दिशांनी चालणाऱ्या) अभिक्रिया शिकवताना दोन ठिकाणी गाडी अडते. एक, 'समतोल' म्हटलं की अभिक्रियाकारकं आणि उत्पादितं निम्मी-निम्मी झाली, असा समज होतो. दोन, तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड वायू दाबला की रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडकडे समतोल सरकतो असं पुस्तकात असतं, पण व्हिडिओत सिरिंज दाबल्यावर रंग गडद झालेला दिसतो. हे कसं समजावायचं? शिवाय वर्गात करता येईल असा, वायू न लागणारा प्रयोग हवा आहे.

उत्तर १ (मोलगणित)

पहिल्या समजावर आकडेच टाका. हायड्रोजन आणि आयोडिनपासून हायड्रोजन आयोडाइड बनतं. सुमारे ४३० अंश सेल्सिअसला याचा समतोल स्थिरांक (समतोलाला हायड्रोजन आयोडाइडच्या संहतीचा, म्हणजे दर लीटरमधल्या प्रमाणाचा, वर्ग भागिले हायड्रोजन आणि आयोडिनच्या संहतींचा गुणाकार) ५४ च्या आसपास आहे. १ लीटरच्या बंद भांड्यात दोन्ही १-१ मोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) घेतले, तर शेवटी हायड्रोजन ०.२१ मोल, आयोडिन ०.२१ मोल आणि हायड्रोजन आयोडाइड १.५७ मोल उरतं. निम्मं-निम्मं कुठेच नाही.

आता उलट बाजूने सुरुवात करा: त्याच भांड्यात फक्त २ मोल हायड्रोजन आयोडाइड. शेवटी मिळतात तेच तीन आकडे! हे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा, फार परिणाम होतो.

सारखे होतात ते वेग. पुढच्या अभिक्रियेचा वेग-स्थिरांक (ठरावीक संहतीला वेग किती असेल हे सांगणारा आकडा) उलट अभिक्रियेच्या ५४ पट आहे. म्हणून उत्पादित भरपूर साठल्याशिवाय उलट वेग पुढच्या वेगाला गाठूच शकत नाही. भांडं बंद हवं हेही ठासून सांगा. उघड्या भट्टीत चुनखडी तापवली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि समतोल येतच नाही.

उत्तर २ (परीक्षानळी)

प्रयोगासाठी फेरिक नायट्रेट आणि पोटॅशिअम थायोसायनेट घ्या. त्यांतले लोहाचे आणि थायोसायनेटचे आयन (विद्युतभारित कण) जुळून लाल रंगाचं उत्पादित बनतं, आणि ही अभिक्रिया व्युत्क्रमी आहे. दोन्हींची ०.१ मोलर (लीटरला ०.१ मोल) द्रावणं करा. फेरिक नायट्रेटच्या द्रावणात विरल नायट्रिक आम्लाचे काही थेंब टाका, नाहीतर ते आपोआप पिवळट-तपकिरी होतं आणि रंगाचा अंदाज चुकतो.

१०० मिलि पाण्यात दोन्हींचे १-१ मिलि मिसळा. नारिंगी-लालसर, आरपार दिसणारं द्रावण हवं. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो: द्रावण रक्तासारखं गडद ठेवतात, मग आणखी गडद झालेलं डोळ्याला कळतच नाही. गडद वाटलं तर पाणी वाढवा.

चार परीक्षानळ्यांत ५-५ मिलि घ्या. पहिलीत १० थेंब फेरिक नायट्रेट, दुसरीत १० थेंब थायोसायनेट: दोन्हीकडे रंग वाढतो. म्हणजे आधीच्या द्रावणात दोन्ही आयन शिल्लक होते, अभिक्रिया 'संपली' नव्हती. तिसरीत विरल सोडिअम हायड्रॉक्साइड: लोह हायड्रॉक्साइडच्या साक्याच्या (न विरघळणाऱ्या घन पदार्थाच्या) रूपात बाहेर पडतं आणि लाल रंग उतरतो. चौथीत नुसतं १० थेंब पाणी. ही नळी वगळू नका, कारण थोडा फिकेपणा केवळ पातळ झाल्यानेही येतो आणि तुलना तिच्याशीच करायची आहे. मागे पांढरा कागद धरा.

चष्मा लावा. थायोसायनेट तीव्र आम्लात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

उत्तर ३ (वायुरूप)

सिरिंजबद्दल: पुस्तकही बरोबर आणि व्हिडिओही बरोबर. घनफळ निम्मं केलं की त्या क्षणी तपकिरी वायूची संहती दुप्पट होते, म्हणून रंग एकदम गडद. लगेच काही रेणू जोडीने एकत्र येतात आणि रंग थोडा उतरतो. पण तो मूळ रंगापेक्षा गडदच राहतो. समतोल सरकल्यामुळे बदल कमी होतो, पुसला जात नाही.

हे सगळं सिरिंजकडे बाजूने पाहताना. टोकाकडून, लांबीच्या दिशेने पाहिलं तर वायूचा थर निम्मा झालेला असतो. त्यामुळे संहती दुप्पट होऊनही सुरुवातीचा रंग तोच दिसतो आणि नंतर मूळ रंगापेक्षा फिका होतो. तपकिरी रेणूंची एकूण संख्या घटली हे इथे थेट दिसतं. वायू विषारी आहे, वर्गात व्हिडिओच दाखवा.

विज्ञानवर्ग

टोकाकडून बघायचं हे नवीन कळलं, आभार. उत्प्रेरकाने (स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाने) उत्पादित वाढतं असंही मुलं लिहितात. त्याचं उदाहरण?

उत्तर ४ (मोलगणित)

नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनण्याची अभिक्रिया घ्या. उत्प्रेरक दोन्ही वेग सारख्याच पटीने वाढवतो, त्यामुळे समतोल लवकर येतो, पण येतो तिथेच. पुढची अभिक्रिया उष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी) आहे, म्हणजे जास्त अमोनिया कमी तापमानाला मिळेल. मात्र तिथे वेग अगदी मंद. म्हणून लोहाचा उत्प्रेरक, सुमारे ४५० अंश आणि २०० वातावरण दाब अशी तडजोड करतात. उत्पादन वाढवतात ते दुसऱ्याच मार्गाने: बाहेर पडणारं मिश्रण थंड करून अमोनिया द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन-हायड्रोजन पुन्हा आत सोडतात.