जिमची नोकरी सोडून पूर्णवेळ ऑनलाइन पर्सनल ट्रेनिंग करावे का?

नाशिककर_तालीम:

नमस्कार. मी नाशिकमधील एका जिममध्ये नऊ वर्षांपासून प्रशिक्षक आहे. मार्च २०२० मध्ये जिम बंद झाल्या आणि महाराष्ट्रात त्या थेट दसऱ्याला, म्हणजे २५ ऑक्टोबरला उघडल्या. त्या सात महिन्यांत काही सदस्यांना मी मोबाइलवरून व्यायाम शिकवू लागलो आणि ते काम नंतरही सुरू राहिले. आज माझ्याकडे असे आठ क्लायंट असून त्यांतील दोघे परदेशात राहतात. प्रत्येकाची आठवड्यातून तीन दिवस तासाभराची सत्रे असतात आणि शुल्क महिन्याला ४,५०० रुपये आहे. पहाटे दोन, रात्री दोन सत्रे आणि मधल्या वेळेत जिम, असा सध्याचा दिवस आहे.

आता नोकरी सोडून याच कामात पूर्णवेळ उतरावे असे वाटते. स्वतःचे ॲप करून घेण्यासाठी एका परिचिताने दीड लाख रुपयांचा अंदाज दिला आहे, तर दुसऱ्याचे म्हणणे असे की तोच पैसा इन्स्टाग्रामच्या जाहिरातींत घालावा. ज्यांनी हा व्यवसाय प्रत्यक्ष केला आहे त्यांनी मार्गदर्शन करावे.

सिंहगड_रोड:

मी पुण्यातून पाच वर्षे हेच काम करतो. ॲप आणि जाहिरात हे दोन्ही विषय तूर्त बाजूला ठेवा आणि आधी तासांचा हिशेब मांडा. आठ जणांची आठवड्याला चोवीस सत्रे होतात. त्यांचे निरोप, वेळा बदलणे, पुढच्या आठवड्याची आखणी यांसाठी माणशी अर्धा तास धरला तर आठवड्याचे अठ्ठावीस तास, म्हणजे महिन्याचे सुमारे १२० तास होतात. हाती येतात ३६,००० रुपये, म्हणजे तासाला ३००. क्लायंट दुप्पट केले तरी हा दर तीनशेच राहील. फक्त आपली झोप जाईल. पहाटेच्या आणि रात्रीच्या ज्या वेळा लोकांना हव्या असतात त्या आपण आजच भरून टाकल्या आहेत आणि दुपारी बाराला व्यायाम करणारा नोकरदार मला तरी अजून भेटलेला नाही.

म्हणून मी दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली. आता प्रत्येक क्लायंटबरोबर आठवड्यातून एकदाच अर्ध्या तासाचे प्रत्यक्ष सत्र घेतो, ज्यात फक्त नवा किंवा अडलेला व्यायाम पाहतो. उरलेले तीन दिवस तो लिहून दिलेल्या तक्त्यावरून स्वतः करतो आणि प्रत्येक मुख्य व्यायामाच्या शेवटच्या सेटचे चित्रण पाठवतो. ते पाहून उत्तर देण्यास मला आठवड्याला माणशी आणखी अर्धा तास लागतो. शुल्क ३,००० रुपये आहे, तीन महिन्यांचे एकदम आणि आगाऊ. आज माझ्याकडे सव्वीस जण आहेत आणि हे सगळे गूगल शीट, व्हॉट्सॲप आणि साध्या व्हिडिओ कॉलवर चालते. ॲपची गरज मला एकदाही भासली नाही.

चित्रणाबाबत एक गोष्ट सांगतो, कारण या व्यवसायाची निम्मी गुणवत्ता मोबाइल कुठे ठेवला आहे यावर ठरते. स्क्वॉटसाठी मोबाइल कमरेच्या उंचीवर, समोरून थोडा तिरका ठेवायला सांगा, म्हणजे गुडघा आत वळतो का आणि टाच उचलली जाते का हे दोन्ही दिसते. जोर काढताना तो जमिनीवर, बरोबर बाजूला हवा. पहिल्या आठवड्यात व्यायाम कमी शिकवला तरी चालेल, पण हे नीट शिकवा. साहित्याचेही तसेच. घरात दोन डंबेल आणि एक रबरी पट्टा असला की तीन महिने निघतात. नंतर वजन वाढवता येत नसेल तर खाली येण्याचा वेग कमी करावा, मग एका पायावर आणावे. वीस लिटरचा पाण्याचा भरलेला जार म्हणजे वीस किलो, हे लक्षात आल्यावर माझ्या एका क्लायंटने मोठे डंबेल घेण्याचा बेत रद्द केला.

नवे लोक कुठून येतात, असा आपला खरा प्रश्न आहे. माझ्या सव्वीसांपैकी एकोणीस जण जुन्या क्लायंटच्या ओळखीने आले, चार जण एका सोसायटीत दिलेल्या व्याख्यानातून आणि तीन इन्स्टाग्रामवरून. त्यामुळे माझे लक्ष नव्या माणसापेक्षा, आलेला माणूस दुसरी तिमाही भरतो की नाही याकडे असते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत गळती ठरलेली आहे. कोणी सलग आठ दिवस चित्रण पाठवले नाही तर मी निरोप न धाडता सरळ फोन करतो आणि त्या महिन्यापुरता तक्ता वीस मिनिटांचा करून देतो. या एका सवयीने जेवढे लोक टिकले तेवढे कोणत्याही जाहिरातीने आणले नाहीत.

हडसनकाठ:

मी न्यू जर्सीत राहते, वय बावन्न, आणि भारतातील प्रशिक्षकाकडून तीन वर्षांपासून शिकते आहे, तेव्हा ग्राहकाची बाजू मांडते. आधीच्या प्रशिक्षकाला मी चार महिन्यांत सोडले आणि त्याला शुल्क कारणीभूत नव्हते. इथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. म्हणजे माझे सकाळचे आठ हे उन्हाळ्यात तुमचे संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा असतात. हे दोनदा सांगूनही त्यांनी लक्षात ठेवले नाही आणि चुकलेले सत्र माझ्याच खात्यावर लावले. शिवाय आहाराचा जो तक्ता आला त्यात ओट्स आणि रोज दोनशे ग्रॅम पनीर होते, आणि वर दुसऱ्याच कोणाचे तरी नाव राहून गेले होते.

आताचे प्रशिक्षक पहिल्याच दिवशी विचारते झाले की, घरात भाकरी होते की पोळी, चातुर्मास पाळता का, श्रावणी सोमवारी काय खाता. त्यांनी मला काही सोडायला लावले नाही. मटकीची उसळ दुप्पट वाढून घ्यायला आणि साबुदाण्याच्या खिचडीबरोबर वाटीभर दही घ्यायला सांगितले. जिना चढताना माझा डावा गुडघा आत जातो हे माझ्या घरच्यांच्या वीस वर्षांत लक्षात आले नव्हते, ते त्यांना दुसऱ्या चित्रणात दिसले. परदेशातील मराठी माणसाला इथे प्रशिक्षक मिळत नाहीत असे नाही, पण ‘कंबर धरली आहे’ आणि ‘कंबरेत चमक भरली आहे’ यांतील फरक त्यांना समजावून सांगावा लागतो. शुल्क मात्र माझी आई पुण्यातून भरते, कारण ते सोपे पडते.

हिशेबनीस:

मी करसल्लागार आहे. वरील शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. परदेशातील ग्राहकाला दिलेली सेवा जीएसटीत निर्यात ठरण्यासाठी ज्या अटी आहेत त्यांतील एक अशी की, मोबदला परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तेथे रुपयांत, मिळाला पाहिजे. आईने पुण्यातील खात्यातून यूपीआयने भरलेले पैसे त्यात बसवणे कठीण जाते. नोंदणी झालेली नसेपर्यंत याने काही अडत नाही, पण सवय आताच लावलेली बरी.

सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेल्यावर नोंदणी करावी लागते आणि त्या उलाढालीत निर्यातही मोजली जाते. नोकरीचा पगार तीत धरत नाहीत. मात्र पुष्कळ जिम प्रशिक्षकाला पगाराऐवजी टीडीएस कापून व्यावसायिक शुल्क देतात, आणि तसे असेल तर ती रक्कमही उलाढालीत येते. आपले कोणत्या प्रकारात आहे ते आधी पाहा. त्याच कागदात जिमच्या सदस्यांना बाहेर शिकवण्यास मनाई करणारे कलम आहे का, तेही वाचून घ्यावे, कारण आपले पहिले क्लायंट तिथूनच आलेले दिसतात. ऑनलाइन कामासाठी वेगळे बँक खाते उघडा; इतके केले तरी पुढची अर्धी डोकेदुखी टळते.

फिजिओ_सातारा:

सर्वांनी पैशांचे आणि वेळेचे सांगितले, मी एकच राहिलेली बाब सांगते. जिममध्ये कोणाला चक्कर आली तर तुम्ही शेजारी असता. ऑनलाइन सत्रात तुम्ही फक्त पडद्यावर पाहू शकता. म्हणून क्लायंटचा पूर्ण पत्ता आणि जवळच्या नातेवाइकाचा किंवा शेजाऱ्याचा क्रमांक पहिल्या दिवशी लिहून घ्या आणि कॉल सुरू असताना तो समोर ठेवा. व्यायामापूर्वी विचारण्याची पीएआर-क्यू नावाची प्रश्नावली आहे. हृदयविकार, छातीतील दुखणे, चक्कर, सांध्यांचे विकार, चालू औषधे असे तिचे मुख्य सात प्रश्न आहेत. एकाचेही उत्तर ‘होय’ आले तर पुढे चौकशी करा आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींची साखर व्यायामात अचानक खाली येऊ शकते, त्यामुळे त्यांचा आहार परस्पर कमी करू नये. कंबरेतून पायात कळ उतरत असेल तर चित्रण पाहून अंदाज बांधू नये.

आधीचे-नंतरचे फोटो जाहिरातीत लावायचे असतील तर लेखी संमती घ्या. ‘मधुमेह उलटवा’ असली वाक्ये आपल्या पानावर नसावीत. फसव्या जाहिरातींवर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने कारवाई होऊ शकते.

नाशिककर_तालीम:

सर्वांचे मनापासून आभार. तासाचे तीनशे हा आकडा मी कधी काढलाच नव्हता. रात्री पुन्हा मांडून पाहिला आणि तो २९० च्या आसपास आला, कारण दोन क्लायंटना मी आहाराचा तक्ता वेगळा करून देतो. जिमचा कागद काढून पाहिला. टीडीएसच कापला जातो आणि सदस्यांबाबतचे कलमही आहे, मात्र ते नोकरी सोडल्यानंतर सहा महिन्यांपुरतेच आहे. त्यामुळे पाडव्यापर्यंत नोकरी सुरू ठेवून आठपैकी चौघांना आठवड्यातून एका सत्राच्या पद्धतीवर आणायचे ठरवले आहे. ॲपवाल्या परिचिताला नकार कळवला.

फिजिओताई, ती सात प्रश्नांची यादी मराठीत करून द्यावी की मूळ इंग्रजीच वापरावी? माझे तिघे क्लायंट साठीच्या पुढचे आहेत.

फिजिओ_सातारा:

मराठीतच, आणि त्यांच्या हातात न देता तुम्ही फोनवर वाचून विचारा. साठीच्या पुढची माणसे कागदावर ‘नाही’ अशी खूण करतात आणि बोलता बोलता अँजिओप्लास्टी झाल्याचे सांगतात.