मदत हवी आहे: पेट बाटली वि. काचेची बाटली, एलसीएसाठी (वस्तूच्या पूर्ण आयुष्यातला पर्यावरणावरचा भार मोजणं) विजेची वाटणी कशी करता?

नमस्कार मंडळी. तुलनेचं एकक धरलंय १००० लिटर पेय, ग्राहकापर्यंत पोहोचलेलं. बाटली, झाकण, लेबल, श्रिंक फिल्म यांची वजनं काट्यावर घेऊन झाली, ते सोपंच. गाडी अडलीय विजेवर.

प्रीफॉर्म (बाटलीचा फुगवण्याआधीचा नळीसारखा तुकडा), ब्लोइंग (तो हवेने फुगवून बाटली करणं) आणि भरणी, सगळं एकाच मीटरवर. ब्लोइंगला २५ ते ४० बार दाबाची हवा लागते, म्हणजे वीज खरी खातो तो कॉम्प्रेसर. तोच २०० मिली आणि १ लिटर दोन्हींना हवा पुरवतो. नगावर वाटलं तर छोट्या बाटलीवर नाहक भार. वजनावर वाटणंही पटत नाही, कारण हवा जाते आकारमान आणि दाबानुसार. क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून विजेचा प्रवाह मोजणारं) लावून प्रत्येक मापाच्या पूर्ण पाळीचं रीडिंग पुरेल का? कॉम्प्रेसर अनलोड (हवा न पुरवता नुसता) चालतो तेव्हाची वीज कुणाच्या खात्यात?

काचेची बाटली किती वेळा भरली जाते, त्या फेऱ्यांसाठी वर्षभरात भरलेल्या बाटल्या भागिले नव्या खरेदीच्या बाटल्या असं करतोय. पण साठा वाढवला त्या वर्षी फेऱ्या उगाच कमी दिसतात. फुटतूट नोंदवही मागावी, की तीन वर्षांची सरासरी चालेल?

काचेच्या बाटल्या धुण्याच्या कॉस्टिक सोड्याच्या पावतीवर द्रावणाचे किलो आहेत, टक्केवारी नाही. एलसीएचा डेटासेट (भाराचे तयार आकडे) शुद्ध सोड्याचा, त्यामुळे सरळ टाकलं तर आकडा फुगणार. सप्लायरच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर विसंबता का?